चार बाय आठ

बरका. बायपासला, टायरवाल्याच्या शेजारी आमचं दुकान.
पालिकेची निवडणूक लागली की मशीन
रात्रभर कुरकुरतं, जसं काही तेच उभं राहिलंय.

एकोणीस वर्षांपूर्वी इथं खजुरीची एक बाग होती
आणि एक पेट्रोल पंप.
आता पंपावरून पंप दिसतो.
घरं आधी येतात, मग त्यांना शोधत रस्ता येतो,
रस्त्याच्या मागून दिव्याचे खांब.
गटार निघालंय म्हणतात. अजून वाटेत आहे.

उमेदवार येतात ते पांढरेशुभ्र,
अत्तराचा वास आणि पेन ड्राइव्ह घेऊन.
अरबी अक्षरं मी लावतो.
बाणकोटच्या मदरशात छड्या खाऊन शिकलो ती;
वाचता सगळं येतं, अर्थ फारसा लागत नाही.
पण एक नुक्ता गळला तर माणसाचं नावच बदलतं,
म्हणून मी नुक्ते मोजतो.
या गावाच्या कारभारात एवढा वाटा माझा.

रय्या बिन्त खल्फान एकटीच आली.
शाळेत शिकवते. चपलांना वाळू.
विचारलं, चिन्ह काय टाकू?
आमच्याकडे शिट्टी असते, कपबशी असते,
एकदा एकाला शिवणयंत्र मिळालं होतं.
ती हसली. तिची हिंदी माझ्या अरबीपेक्षा बरी.
चिन्ह नाही, म्हणाली. तोंड आहे, तेच टाक.

मग काउंटरवर कोपर टेकून:
तू इथं इतकी वर्षं आहेस,
सांग, काय पाहिजे या भागाला?

मशीन चालू होतं.
मी ते बंद केलं.

मग सांगितलं. गोलचौकाजवळ कंपनीची बस येते.
उन्हाळ्यात साडेबाराला काम थांबतं, कायदा आहे,
बस येते एकला.
मधल्या अर्ध्या तासाचा कायदा नाही.
तिथं झाड नाही. दिव्याचा एक खांब आहे,
त्याच्या सावलीत साठ पोरं एकामागे एक उभी राहतात,
सावली सरकते तशी रांग सरकते.

तिनं लिहून घेतलं, चौकटीच्या वहीत.
म्हटलं, बाई, मला मत नाही हां इथं.
उगाच फसवणूक नको.
माहितेय, म्हणाली. आणि पान न उलटता,
आणखी?

माझं मत बाणकोटला आहे.
मी नसलो तरी ते पडतं.
कुणाला, ते विचारायचं नसतं.
चुलतभावाचा फोन येतो, तुझं काम झालं.

इथं लोकांनी मोबाईलवरून मतं दिली.
संध्याकाळी चहाच्या दुकानात
मी सवयीनं बोटं बघत होतो सगळ्यांची.
स्वच्छ.
शाई होती ती माझ्याच बोटांना,
निळी, गुलाबी, पिवळी, काळी,
नखांच्या आतपर्यंत.

रय्या पडली. एकशे बारा मतांनी.
दुसऱ्या दिवशी येऊन पैसे चुकते केले,
म्हणाली, फ्लेक्स उतरवून टाक, नियम आहे.
उतरवले. सात कुणी कुणी नेले,
एक बकऱ्यांच्या गोठ्यावर गेला,
एक पिकअपवर, कांद्यांवर.
आठवा मी गुंडाळून मशीनमागे ठेवला.
का, ते तेव्हा मला माहीत होतं असं नाही.

मे उजाडला.
मी आणि टायरवाला शम्सुल, पहाटे शिडी घेऊन गेलो,
तो खांब आणि पाटीचा खांब यांच्यामध्ये
आडवा ताणून बांधला, चार बाय आठ,
तोंड आभाळाकडे.

साठ जण मावत नाहीत. पंचवीस मावतात,
मांडी घालून, डबे उघडून,
बाकीचे पाळीनं.
ऊन वर चढलं की अक्षरं आरपार उतरतात,
उलटी.
आता तर मलाही वाचता येत नाहीत,
तरी मी नुक्ते मोजले. सगळे आहेत.

पालिकेची गाडी बुधवारी फिरते,
विनापरवाना काही बांधलेलं दिसलं तर कापून नेते.

आज सोमवार.