घरी वाचून या

सव्वीस वर्षं मी विज्ञान शिकवलं
घणसोलीच्या शाळेत.
बेडूक शिकवला, परागकण,
मूत्रपिंड काढलं रंगीत खडूंनी.
आणि दर जानेवारीत तो धडा आला की
फळ्याकडे तोंड करून म्हणायचे,
हा सोपा आहे. घरी वाचून या.

कुणाच्या घरी वाचतात?

आज कोपरखैरण्याच्या मेडिकलमध्ये
आधी खोकल्याच्या गोळ्या घेतल्या,
मग क्रेप बँडेज, जे मला नको होतं.
मागचा माणूस जायची वाट बघितली.
काउंटरवर हर्षला मढवी,
तिसरा बाक, खिडकीकडची.
"बाई, अजून काही?"

मी बोट दाखवलं. नुसतं बोट.
चोपन्न वर्षांचं, खडूनं भेगाळलेलं.

तिनं भुवई उचलली नाही.
तीन पाकिटं काचेवर मांडली,
मी परीक्षानळ्या मांडायचे तशी.
हे साधं. हे पातळ.
रबरानं अंगाला खाज येत असेल तर हे, जरा महाग.
घट्ट झालं तर फाटतं, सैल झालं तर निसटतं,
सरांना विचारून घ्या.
सर म्हणाली. कोण सर, ते विचारलं नाही.

मी कुजबुजले, अगं, माझी पाळी जाऊन तीन वर्षं झाली.
"दिवस जायचे थांबतात, बाई.
आजार काय वय विचारतात?
रक्त तपासून घ्या दोघांनी. तोवर तरी हे हवंच."

मग न थांबता, संयुजा पाठ म्हणावी तसं:
तारीख बघा. दातांनी फोडू नका.
खोबरेल तेल अजिबात नको, रबर विरतं,
ही पाण्याची जेल घ्या.
टोक चिमटीत धरायचं, हवा राहता कामा नये,
मग उलगडत थेट खालपर्यंत.
झाल्यावर कड धरूनच बाहेर.
गाठ मारून कागदात, मग कचऱ्यात.
संडासात टाकू नका, तुंबतो.

बँडेज तिनं आपणहून परत घेतलं.
"कुठं अडलं तर या विचारायला."

हे वाक्य मी मूत्रपिंडाला म्हणायचे.
बेडकालाही.

रात्री दिगंबर पलंगाच्या कडेला बसला.
ठाणे-बेलापूर रोडच्या कंपनीत
तीस वर्षं सेफ्टीचा माणूस,
हेल्मेटवाचून कुणाला आत सोडलं नाही यानं.
पहिलं उलटं धरलं. उलगडेचना.
आम्ही हसलो, शेजारी ऐकतील इतकं.
सुलटं करून चालतं का रे?
मला माहीत नव्हतं. त्यालाही.

पाकिटातली चिठ्ठी काढली, मुंगीएवढी अक्षरं.
त्याचा चष्मा मी लावला, माझा सापडेना.
नाही चालत. ते टाका, नवीन घ्या.

पुढे? तो म्हणाला.
मी दिवा थोडा जवळ ओढला
आणि मोठ्यानं वाचायला लागले.