अडीचशे शब्दांत

फळ्यावरचा प्रश्न माझाच:
‘मेंढपाळांच्या मुलांनी सहाव्या वर्षापासून
वसतिगृहात राहून शिकावं का?
दोन्ही बाजू मांडा. शेवटी स्वतःचं मत द्या.
अडीचशे शब्द. चाळीस मिनिटं.’

आणि नेहमीचा उपदेश:
आवाज चढवायचा नाही.
‘काहींच्या मते’ म्हणायचं,
मग ‘तर इतर काहींना वाटतं’.
‘मी’ला शेवटच्या परिच्छेदापर्यंत
दाराबाहेर उभं ठेवायचं, बूट काढून.
थोडक्यात, दोन्ही डगरींवर हात.
त्याचेच गुण असतात.

आज रात्रपाळी माझी.
मंदालगोवीचं वसतिगृह, बाहेर उणे एकोणतीस,
नळ गोठू नये म्हणून थेंब थेंब सोडलेला.
बावीस वह्या. एकवीस सारख्या:
शिक्षणाचे फायदे, आईबापांची माया,
शेवटी सरकारने लक्ष घालावं.
सगळ्यांना दहापैकी सात.

बाविसावी नोमुंदारीची.
तिने सुरुवातच उंटापासून केली आहे.

‘तंबू हलवताना उंटाच्या दोन्ही अंगांना
ओझं सारखं लागतं.
एकीकडे चूल बांधली
की दुसरीकडे काय, हे बाबा शोधत.
पिठाचं पोतं संपलेलं असलं
तर पेटीत मला बसवत.
मी चुलीइतकी भरायची नाही,
म्हणून मांडीवर एक दगड.
सहा वर्षांची होईतो
दुसरी बाजू मीच होते.’

समासात मी लिहिलं: विषयाला धरून नाही.
मग खोडलं.

‘काहींच्या मते शाळा लवकर सुरू व्हावी.
कळप वाटून मिळाले त्या वर्षी
आईची शाळा तिसरीत सुटली.
पुढे बाटलीवरचं बारीक अक्षर तिला लागेना.
दहा जनावरांचं औषध
तिने एकेका शेळीला पाजलं.
त्या वसंतात आम्ही चाळीस कातडी विकली.

तर इतर काहींना वाटतं’
(इथे पेन थांबलंय, शाईचा डाग मोठा आहे)
‘माझा भाऊ तेमूलेन इथे आला
तेव्हा उशीखाली बूट घेऊन झोपायचा.
बाबा रात्री न्यायला आले तर उशीर नको.
बाबा नव्वद किलोमीटरवर होते.
मार्चमध्ये आले.
तोवर तो बूट खाटेखाली ठेवायला शिकला होता.

आता बाटली तोच वाचतो.
शेळ्या मरत नाहीत.
कुठलं करडू कुठल्या शेळीचं,
हे मात्र त्याला सांगावं लागतं.’

मग एक ओळ मोकळी.
मग ‘माझं मत’, पुढे दोन टिंबं,
आणि कागद.
वेळ संपली म्हणून नव्हे. मी पाहत होते,
पेनाला टोपण लावून
ती शेवटची दहा मिनिटं नुसती बसली होती.

नियम स्पष्ट आहे. मत नाही, तर दोन गुण वजा.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं,
असलं उत्तर परीक्षेत चालत नाही.
परीक्षा काढणाऱ्यांनी उंट लादलेला नसतो.
मी तरी कुठे लादलाय अलीकडे.

दार किलकिलं होतं. पहिलीतला कुणी.
पाणी हवं, म्हणतो.
पाणी नको असतं, मला ठाऊक आहे.
याच जिन्यावरून मीही यायची
पाणी मागायला, रात्रीत तीनतीनदा.
पेला देते. तो उभ्यानेच दोन घोट घेतो,
वह्यांकडे बघतो.
‘हे सगळं वाचायचं?’
‘हो.’
‘आणि मग?’

त्याला खाटेपर्यंत सोडून येते.
ओळीने नऊ खाटा, नऊ उशा.
उशा चाचपायच्या नाहीत,
हा नियम कुणी घातलेला नाही, माझा मीच.

परत येते तर वही तशीच उघडी.
आकडा घालायचा राहिलाय.
नळ गळतोय
आणि लाल पेन थंडीने उमटेनासं झालंय,
तळहातांत धरून बसते.