दवाखान्याच्या पत्राला उत्तर

डॉक्टरीणबाई, तुमचा तक्ता मिळाला.
नाव : फ्लेडर. घोडी. तांबडी.
पुढचा उजवा गुडघा, एक स्क्रू, वय तेव्हा आठ महिने.
इथवरचं तुमच्याच कागदांत आहे.

पहिली स्पर्धा : फेर्डेनजवळ, पाचव्या वर्षी.
पाण्याच्या अडथळ्यापाशी थबकून तिनं
आधी स्वतःचं तोंड पाहिलं. बाद.
सर्वांत उंच उडी : एक मीटर तीस.
एकदा त्याहून उंच, पण ते कुंपण होतं
आणि पलीकडे शेजारच्या हार्म्सचा ओट उभा होता.
एकूण बक्षीस : तुमच्या बिलाहून एकशेचाळीस युरो कमी.

'नंतर लंगडली का?' इथे मी 'हो' लिहून खोडलंय.
लंगडली, पण डाव्या पायानं. खुरात खिळा गेला होता.
त्याचा दोष तुमच्या माथी कशाला!

तुम्ही तेव्हा म्हणाला होतात,
हाड आपण सरळ करत नाही,
वाढीत पुढे पळणारी बाजू तेवढी धरून ठेवायची,
मागे राहिलेली येऊन गाठते.
मग वेळेवर सोडायचं.
घरात दोन मुलगे होते माझ्या.
तिथे मला हे जमलं नाही.

स्क्रू काढला तिथे मुगाएवढे केस पांढरे आलेत.
आता ती एकोणीस वर्षांची,
गवत खाते, नातीला पाठीवर सहन करते,
तुमच्यासारखी गाडी फाटकात वळली
की उजवा पाय उचलून धरते.
याला रकाना नव्हता, म्हणून पाठीमागे लिहिलं.

परतीच्या पाकिटाला तिकीट लावायला विसरलात.
मी लावलंय.

हिनरिक टीटयेन