हात दाखवून

डॉक्टर घनवट लँडमास्टर घेऊन आले
तेव्हा शेडच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं.
गाडी सत्तावनची, बॅटरी बारा व्होल्टची,
आणि डॉक्टर जनावरांचे.
म्हणाले, इंडिकेटर बसवून दे चारी बाजूंना.

म्हटलं, इतकी वर्षं कामून नाही बसवले?

"हात होता ना."

मग मी पाहिला तो हात.
कोपरापर्यंत करपलेला, खिडकीबाहेरच्या उन्हानं,
डाव्यापेक्षा दोन शेड गडद.
स्टिअरिंगपर्यंत येतो आता,
खिडकीपर्यंत येत नाही.

याच हातानं, खांद्यापर्यंत आत घालून,
परतूरपासून जाफराबादपर्यंत
आडवी आलेली वासरं पोटातच वळवली त्यांनी.
आमच्या चुलत्याच्या गाईचं एक.
मी नऊ वर्षांचा, कंदील माझ्या हातात,
आणि ते आतून डोळे मिटून बोलत होते,
"थांब गं माय. सापडलं. पाय सापडला."

बोनेट उघडलं.
कापडी वेष्टनाच्या वायरी, बोट लावलं की पापडासारख्या तुटणाऱ्या.
लाल कुठली, हिरवी कुठली,
सगळ्यांचा रंग आता मातीचा.
आणि या जुन्या गाड्यांचं सगळं उलटं,
पॉझिटिव्ह बॉडीला.
मोटरसायकलचे एलईडी लावून पाहिले, मुके राहिले.
त्यांना सुलटंच लागतं.
शेवटी भंगारातून स्कूटरचे पिवळे गोल दिवे काढले,
आत साधा बल्ब.
साध्या बल्बला उलटसुलट कळत नाही,
करंट आला की पेटतो बिचारा.

पत्र्याला भोक पाडायचं नाही, अशी अट.
म्हणून बंपरला पट्टी, पट्टीवर दिवा.
पेटला, पण विझल्यासारखा.
अर्थ लागेना.
दिवा बदलला, वायर बदलली, फ्लॅशर ठोकून पाहिला,
अर्थ काही लागेना.
मग पट्टीखाली सँडपेपर घातला,
गंज, त्याखाली रंग, त्याखाली आणखी एक रंग,
खाली उघडं लोखंड चमकलं,
तेव्हा कुठं लागला.

म्हटलं, डावं दाबा.
दाबलं.
उजवं लुकलुकायला लागलं.

मी कपाळाला हात लावला, ग्रीससकट.
डॉक्टर मात्र हसले, खोकला येईपर्यंत.
"वायरिंग माझंच केलंस की रे.
इकडं," डाव्या कानावरची जागा दाखवत,
"डाव्या बाजूला गुठळी अडकली
न् गेला उजवा."
त्यांना वाटलं तसं मीही हसावं.
मी स्टिअरिंगखाली आडवा झालो,
दोन वायरींची अदलाबदल करायला.
इथं नुसत्या दोनच तर होत्या.

टिक. टिक. टिक.
आतली पत्ती तापते, वाकते, सुटते,
गार होते, पुन्हा येऊन चिकटते.
बाकी काही नाही त्या डबीत.
डॉक्टर कान देऊन ऐकत राहिले,
जसं गाईच्या कुशीला लावून ऐकायचे.

"डाव्या हातानं देतोय, राग मानू नको,"
म्हणत शर्टाच्या खिशातून पैसे काढले,
खिसा डावीकडं, त्यामुळं तेही अवघडच.
मी शंभर परत केले.
त्यांनी ते सीटवर टाकून तिथंच विसरल्यासारखं केलं.

दिवेलागणीला निघाले मंठा रोडनं.
शेडमधून बाहेर पडताना उजवा दिवा लावला,
आणि मला मागून स्पष्ट दिसलं,
उजवा खांदा जरासा उचलला गेला,
इंचभर,
सवयीनं.

मग आठवलं, सांगायचं राहिलं,
हा स्विच आपोआप परत येत नाही, डॉक्टर,
वळून झालं की बंद करावा लागतो.

गाडी सरळ चाललेली, एका संथ लयीत,
पिवळं, काही नाही, पिवळं,
आणि मागं बियाण्यांच्या पोत्यांचा एक टेम्पो,
हॉर्न न वाजवता,
वेग कमी करून,
त्या वळण्याची वाट बघत.