दोन ते आठ

कायदा इथे बोटीनं येतो,
आणि बहुधा ओकत येतो.
चिलोएच्या बेटांमधल्या या समुद्राला
माझ्या हुद्द्याचं काही सोयरसुतक नाही.

पिशवीत शिक्का, तक्ते,
आणि माझा स्वतःचा एक थर्मामीटर.
लस राहील दोन ते आठ अंशांत,
नोंद दिवसातून दोनदा, नोंदीखाली सही.
नियम एवढाच. माझी नोकरीही एवढीच.

सकाळच्या बेटावर एलादियोची वही.
सहा महिने: चार. चार. चार. चार.
एकाच शाईचे, एकाच कलाचे,
शाळेच्या कवायतीला उभे केल्यासारखे.
मी म्हटलं, वा. खरंच म्हटलं.
शिक्का मारला, त्याचा चहा प्यायले,
वर त्यानं शेळीचं चीज बांधून दिलं,
ते नको नको म्हणत घेतलं.

दुपारच्या बेटावर ओर्तेन्सिया नाउएल्किन.
दवाखाना म्हणजे दोन खोल्या, लाकडाची चूल,
चुलीवर वाळत घातलेले लोकरी मोजे,
आणि फ्रिज, ज्याच्याशी ती
'आमचे हे' म्हणावं तशा आवाजात भांडते.

तिची वही खाडाखोडीची.
५.१, ३.८, ६, परत ६
(दार नीट लागत नव्हतं, मुलानं बसवून दिलं),
आणि जुलैच्या चौदा तारखेला, लाल पेननं: ११.

"रात्री वीज गेली. नऊ तास.
कुणी पाहिलं नव्हतं," ती म्हणाली.
"मी पाहिलं होतं."

तिनंच चाळीस डोस डब्यात भरले,
डब्यावर लिहिलं: वापरू नये.
वर कळवलं, वाट पाहिली.
वादळात एकोणीस दिवस नवी लस आली नाही.
त्या एकोणीस दिवसांत बार्रियांच्या तान्ह्याला
डांग्या खोकला झाला. बोटीनं नेलं. वाचलं.
बार्रियांची म्हातारी आता इकडे बटाटे पाठवत नाही.
तीन अंश! लोक म्हणतात.
तीन अंशांनी काय आभाळ कोसळतं?

"काय होतं तीन अंशांनी?"
मीही विचारलं, कायदा असून.
तिनं चुलीत लाकूड सारलं.
"मला कुठे ठाऊक. लिहिणाऱ्यांना ठाऊक असेल.
पण टोचून झालं की आई विचारते, झालं ना आता?
मला हो म्हणायचं असतं."

माझ्या तक्त्यात या उत्तराला रकाना नाही.
रकाना आहे: त्रुटी, एकूण.
तिच्या नावापुढे एक. त्याच्या नावापुढे शून्य.
शून्याचं तोंड मिटता मिटता हात थांबला.
वीज गेली होती ती केबल तुटून,
आणि ती केबल, समुद्राच्या पोटातून येणारी,
आधी एलादियोच्या बेटावर चढते,
मग इथे.

धावत धक्क्यावर गेले. "परत फिरव."
फाउस्तिनोनं दोर न सोडता
बंदर-कचेरीच्या लाल दिव्याकडे हनुवटी केली.
वारा आहे, बंदर बंद.
"हाही कायदाच, बाई."

रात्री बाकावर पडले.
पिशवीतलं चीज वास मारत होतं.
फ्रिज घुमायचा, मग गप्प व्हायचा.
तो गप्प झाला की पलीकडे खाट करकरायची,
परत घुमला की
ती कूस बदलून झोपायची.

सहाला ती उठली. शाल, बॅटरी.
मी झोपेचं सोंग घेतलं;
तपासायचं नव्हतं काही,
कुणी पाहत नसताना ती कशी पाहते
तेवढं ऐकायचं होतं.
दार उघडलं. पेन चालेना,
तिनं त्याच्यावर फुंकर घातली.
चार, ती पुटपुटली.
मग चष्मा चाचपून शोधला,
परत वाकली:
चार पॉइंट तीन.