नाक

अंबडच्या कारखान्यात नुमाता-सान आले
तेव्हा दुभाषी मी होते.
दिवसभर बेअरिंग. मायक्रॉन, मायक्रॉन, पुन्हा मायक्रॉन.
संध्याकाळी म्हणाले, नदी दाखवा.

मे महिना. होळकर पुलापासून चालत खाली आलो.
गोदेत पाणी थोडं, शेवाळ फार.
एक पोरगं दोरीला लोहचुंबक बांधून
नाणी शोधत होतं.

नुमाता म्हणजे दलदलीतलं शेत, ते म्हणाले.
तुमचं?
गांगुर्डे, एवढंच सांगता आलं.
आमच्यात कुणी कधी विचारलं नव्हतं.

मग पायरीवर बसून ते गावं सोलत गेले.
चिबा, हजार पानं.
तोत्तोरी, पाखरं धरायची जागा.
शिझुओका, शांत टेकडी,
"तिथं आता ट्रक फार."
आणि साप्पोरो, जिथं त्यांची आई असते.
इथं ते अडले.

ते नाव आमचं नाही, म्हणाले.
आधीपासून राहणाऱ्या ऐनूंचं.
त्यांच्या बोलीत: मोठी, कोरडी नदी.
मागून आलेल्यांना नुसता आवाज ऐकू आला,
त्या आवाजाच्या मापाची दोन अक्षरं त्यांनी शोधली,
एक चिठ्ठी, एक टांग्याचा टप.
वाचता येतं,
अर्थ लागत नाही.

मला आजोळ आठवलं, त्र्यंबकच्या पलीकडचं.
म्हातारी माणसं उंबरपाडा म्हणतात.
पाटीवर अंबरपाडा आहे.
कुणीतरी उंबर शुद्ध करून
आभाळात नेऊन ठेवलं.

आणि नाशिक?
नऊ शिखरं, मी म्हणाले, असंही सांगतात.
मध्ये गुलशनाबाद होतं, म्हणजे बाग.
पण विचाराल त्याला, तो नाकच सांगेल.
इथं एका बाईचं कापलं होतं.

नुमाता-सान गप्प.
मग त्यांनी तर्जनी हळूच
स्वतःच्या नाकाच्या शेंड्यावर टेकवली.
त्यांच्याकडे "मी" म्हणताना
छातीवर हात नेत नाहीत, बोट इथं येतं.

"म्हणजे तुमच्या गावाचं नाव, मी?"

सकाळपासून कितीदा म्हणाले होते मी,
मी समाधानी नाही, मी रविवारी परत जातोय,
मला तिखट चालत नाही.
सगळे मी त्यांचे.

खाली पोराच्या चुंबकाला काहीतरी चिकटलं.
नाणं नव्हतं. त्यानं ते निरखलं, खिशात टाकलं.

नुमाता-सान उत्तराची वाट बघत होते.
भाषांतर करायला काहीच नव्हतं.
मी बोट उचललं.