ठराव क्रमांक एकशे चौदा

ज्याअर्थी जुलै महिना येऊन ठेपला आहे,
ज्याअर्थी अल्पसंख्याकांनाही मन असतं
याची या सभागृहाला नम्र जाणीव आहे,
ज्याअर्थी काही वस्त्यांत
डॉक्टरच्या आधी पोलीस पोहोचतात,
हे शेवटचं समितीत खोडलं गेलं.
मी नवी प्रत काढली.

बॅटन रूजच्या या तळघरात, छपाईच्या खोलीत,
मला सतरा वर्षं झाली.
सोनेरी शिक्का डाव्या कोपऱ्यात, कडेपासून दोन बोटं आत.
त्या दिवशी आणखी तीन ठराव होते:
जिंकलेला बेसबॉल संघ,
शंभरी गाठलेल्या एक पाद्रीणबाई,
आणि गम्बोत भेंडी हवीच म्हणणारं एक गाव.
शिक्का चौघांना एकच.

विरोधात मतं शून्य.
ज्याला दमडी लागत नाही
त्याला विरोध कोण कशाला करेल?

दुपारी फोन आला, न्यू यॉर्कहून.
तरुण आवाज. समुपदेशनाचं ॲप विकणाऱ्या
कुठल्याशा कंपनीचे शेअर सांभाळणारा.
तरतूद किती?
तरतूद नाही.
विमा कंपन्यांवर काही बंधन?
जागृती व्हावी, असं म्हटलंय.
कोणाची?
मी कागद पुन्हा वाचला. तेवढं त्यात नव्हतं.
त्यानं सभ्यपणे आभार मानले.
सकाळी बातमीवर तो शेअर चार सेंट चढला होता म्हणे,
जेवणाच्या सुट्टीपर्यंत उतरला.

मग ती जिना उतरून खाली आली,
अर्नेस्टीन गिड्री, जिला गॅलरीत उभं केलं होतं,
जिच्यासाठी टाळ्या वाजल्या,
जिच्या भावाला, लुशियनला,
सभापती लुईस म्हणाले.
तिनं कुणाला दुरुस्त केलं नाही.
मला म्हणाली, चौकट नको.
मागची बाजू कोरी आहे ना?

कोरी होती. कोरीच असते.
माझं पेन मागून घेतलं, माझ्या वहीवर कागद पालथा ठेवला
आणि दाबून दाबून लिहू लागली:
गुरुवारची बस, सहा दहाची, एकच.
दवाखाना एकसष्ट मैलांवर.
तिथल्या फोन उचलणाऱ्या नर्सचं नाव. तिचा नंबर.
न उचलल्यास माझा.
रात्रीसुद्धा.

लुशियनचं सलून आता भाचा चालवतो, ती म्हणाली.
तिथे खुर्चीत बसले की पुरुष बोलतात,
कात्री चालू असेतोवर.
आरशाशेजारी लावीन हा.
शिक्का भिंतीकडे.

त्याअर्थी, असं ठरावात शेवटी येतं,
त्याअर्थी हे सभागृह असं जाहीर करतं की.
पुढचं मला पाठ आहे. तुम्हालाही असेल.

पेन ती घेऊन गेली.
वहीवर मात्र नंबर उमटलाय, शाईशिवाय.
दिव्याखाली तिरकी धरली तर वाचता येतो.

मी दोनदा धरून पाहिली.